आवाज आपला, मनोरा दुसऱ्याचा

अमेरिकेत उदारमतवादी टॉक रेडिओ का रुजला नाही, या प्रश्नाला दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक म्हणजे उदारमतवाद्यांना रेडिओवर भांडता येत नाही, त्यांचं बोलणं पुस्तकी होतं. दुसरं म्हणजे त्यांचा श्रोता सार्वजनिक रेडिओकडे, एनपीआरकडे, आधीच गेलेला आहे. दोन्हींत तथ्य आहे. पण ही उत्तरं देणारे लोक सहसा तीन साधे प्रश्न विचारत नाहीत: केंद्र कोणत्या फ्रिक्वेन्सीवर होतं, सूर्य मावळल्यावर किती वॉटवर उतरत होतं, आणि परवाना कोणाच्या नावावर होता? हे तीन प्रश्न विचारले की चित्र बदलतं. जिथे केंद्र दमदार होतं तिथे उदारमतवादी रेडिओने श्रोते मिळवले. तो मेला तो बहुतेक ठिकाणी मालकाच्या टेबलावर.

मराठी वाचकाला हा प्रकार थोडा परका वाटेल. आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं ऐकवता येतं, तेवढंच. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, सप्टेंबर २०२३ मध्ये खासगी एफएमला तासाला दहा मिनिटं बातम्या आणि चालू घडामोडींसाठी द्याव्यात अशी शिफारस केली, ती याच पार्श्वभूमीवर. त्यामुळे पुण्यात किंवा नाशकात रिक्षावाल्याच्या रेडिओवर कोणी तीन-तीन तास राजकारणावर बोलतोय, लोक फोन करून वाद घालताहेत, असं ऐकायला मिळत नाही. अमेरिकेत मात्र ट्रकचालक, शेतकरी, गॅरेजवाला आणि घरात एकटा असलेला म्हातारा यांचं राजकीय मत घडवणारं हे माध्यम गेली पस्तीस-चाळीस वर्षं आहे, आणि ते जवळजवळ संपूर्ण उजव्यांच्या हातात आहे. जून २००७ मध्ये सेंटर फॉर अमेरिकन प्रोग्रेस आणि फ्री प्रेस या दोन संस्थांनी सर्वांत मोठ्या पाच मालकांची २५७ बातम्या-चर्चा केंद्रं मोजली. सोमवार ते शुक्रवारच्या राजकीय चर्चेत ९१ टक्के वेळ पुराणमतवादी, ९ टक्के उदारमतवादी. या दोन्ही संस्था डावीकडे झुकलेल्या आहेत हे खरं, पण त्यांनी मोजलेलं वेळापत्रक कोणालाही पुन्हा मोजता येण्यासारखं होतं.

हे असं झालं कसं? बहुतेक जण बोट दाखवतात ते १९८७ कडे. १९४९ पासून अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाचा, एफसीसीचा, 'फेअरनेस डॉक्ट्रिन' नावाचा नियम होता. परवानाधारकाने सार्वजनिक वादाचे विषय हाताळलेच पाहिजेत, आणि विरुद्ध बाजूला वाजवी संधी दिली पाहिजे, असे त्याचे दोन भाग. उमेदवारांना समान वेळ देण्याचा नियम वेगळा आहे, तो कायद्यात आहे आणि आजही लागू आहे. या दोहोंची गल्लत फार होते. फेअरनेस डॉक्ट्रिन सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये रेड लायन खटल्यात उचलून धरला होता. ऑगस्ट १९८७ मध्ये आयोगाने तो सोडून दिला. १ ऑगस्ट १९८८ रोजी रश लिम्बॉ या पुराणमतवादी निवेदकाचा कार्यक्रम न्यूयॉर्कहून देशभर सुरू झाला.

तारखा इतक्या जवळ आहेत की कार्यकारण जोडण्याचा मोह होतो. पण नियम उठल्याने दार उघडलं, एवढंच. आत काय शिरलं हे ठरवलं पैशाच्या व्यवहाराने. १९७० च्या दशकाच्या अखेरीस संगीत एफएमकडे गेलं होतं. मध्यम लहरींवरची, म्हणजे एएमची, शेकडो केंद्रं दुपारच्या वेळी काय लावायचं या विवंचनेत होती. उपग्रहावरून कार्यक्रम पाठवणं स्वस्त झालं होतं, लांब पल्ल्याचा फुकट फोन नंबर घेणं शक्य झालं होतं. लिम्बॉ यांच्या वितरकाने केंद्रांना सांगितलं: तीन तासांचा कार्यक्रम घ्या, बदल्यात ठरावीक जाहिरात-मिनिटं आम्हाला द्या, उरलेली तुम्ही विका. केंद्राला ना निवेदकाचा पगार, ना निर्मात्याचा. पुढे कार्यक्रम चालल्यावर रोख पैसेही मागितले गेले, आणि केंद्रांनी ते खुशीने दिले, कारण तोवर तीन तास म्हणजे दुपारचा कणा झाला होता. ऐन भरात हा कार्यक्रम ६०० हून जास्त केंद्रांवर होता. आणि एका लिम्बॉच्या आधी नि नंतर त्याच रंगाचे कार्यक्रम लावणं हे धंद्याच्या दृष्टीने शहाणपणाचं होतं. श्रोता बटण फिरवत नाही. रॉक लावणारं केंद्र मधेच दोन तास नाट्यसंगीत लावत नाही, तसंच हे. म्हणजे एकदा पहिली वीट बसली की भिंत त्याच रंगाची होते.

दुसरी तारीख १९९६. ही लोकांच्या लक्षात कमी राहते, पण माझ्या मते जास्त महत्त्वाची. त्या वर्षीच्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती रेडिओ केंद्रं बाळगावीत यावरची मर्यादा काढून टाकली. आधी ती ४० होती. सर्वांत मोठ्या शहरी बाजारात एका मालकाला आठ केंद्रं घेण्याची मुभा मिळाली. काही वर्षांत क्लिअर चॅनल या कंपनीकडे बाराशेच्या आसपास केंद्रं जमली. आणि याच कंपनीच्या पोटात प्रीमिअर नावाची वितरण संस्था आली, जी लिम्बॉ यांचा कार्यक्रम विकत होती. म्हणजे मनोरे त्यांचे, कार्यक्रमही त्यांचाच.

आता फ्रिक्वेन्सीचा मुद्दा, कारण इथेच बरेचसे राजकीय विश्लेषक चकतात. एएमची लहर जमिनीला धरून जाते. फ्रिक्वेन्सी जितकी खाली, तितकी ती कमी झिजत लांब पोहोचते. ६२० किलोहर्ट्झची लहर सुमारे ४८४ मीटर लांब, म्हणजे पाव लहरीचा मनोरा १२१ मीटरचा. १६०० किलोहर्ट्झला तोच मनोरा ४७ मीटरचा पुरतो, पण त्याच ताकदीत पल्ला फार कमी मिळतो. मनोऱ्याखाली जमिनीत चाकाच्या आऱ्यांसारख्या तांब्याच्या १२० तारा पुरण्याची रूढ पद्धत आहे. ६२० साठी त्या तारांची एकूण लांबी साडेचौदा किलोमीटर होते. तारा चोरीला गेल्या किंवा गंजल्या की पल्ला गुपचूप आखडतो, आणि श्रोते का घटले हे कार्यक्रम प्रमुखाला कळत नाही. शिवाय जमीनही मोजावी लागते: नॉर्थ डकोटाच्या ओलसर काळ्या सपाटीवर पाच किलोवॉटचं केंद्र जे अंतर गाठतं, ते न्यू इंग्लंडच्या खडकाळ भागात गाठणं शक्य नाही.

त्यात रात्र येते. दिवसा वातावरणाचा एक खालचा थर वर गेलेली लहर शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहर वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटरवर उतरते, आणि दूरच्या शहरातल्या केंद्राचा गळा दाबते. म्हणून बहुतेक एएम केंद्रांना सूर्यास्ताला ताकद कमी करावी लागते किंवा अनेक मनोरे वापरून लहर एका दिशेला वळवावी लागते. काहींना तर केंद्र बंदच करावं लागतं. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला डिसेंबरात सूर्य साडेचारच्या आत मावळतो. म्हणजे लोक कामावरून घरी निघतात, रेडिओचा सर्वांत मौल्यवान तास सुरू होतो, आणि नेमकं तेव्हाच केंद्राचा आवाज बसतो. १२३०, १२४०, १३४०, १४००, १४५०, १४९० या सहा फ्रिक्वेन्सींवर तर देशभर शेकडो केंद्रं एकाच वेळी बसवलेली आहेत, प्रत्येकाला एक किलोवॉटची मर्यादा. रात्री गावाच्या वेशीबाहेर नुसती कुजबुज ऐकू येते.

हे सगळं ध्यानात ठेवून २००४ पाहा. इराक युद्धामुळे बुशविरोधी श्रोता पेटलेला होता. क्लिअर चॅनललाही ते दिसलं. एका शहरात आपली सात-आठ केंद्रं, त्यांतलं एखादं कोणी ऐकत नाही, तर त्यावर 'प्रोग्रेसिव्ह टॉक' लावून पाहू, असा तो हिशेब होता. त्यामुळे उदारमतवादी रेडिओचा २००४ ते २००६ मधला प्रसार मोठ्या प्रमाणात अशा कंपनीच्या हातून झाला, जी शहरातल्या ताकदवान केंद्रावर लिम्बॉ ऐकवत होती आणि ताफ्यातलं दुबळं केंद्र या प्रयोगाला देत होती. कोलंबसला मिळालं १२३०. सॅन डिएगोला मिळालं १३६०. दोन्हींचा खेळ २००७ मध्ये आटोपला, आणि मग निष्कर्ष निघाला की या मालाला गिऱ्हाईक नाही.

पोर्टलंड हा अपवाद होता, म्हणून तो नीट पाहायला हवा. केपीओजेला ६२० मिळालं, दिवसा २५ किलोवॉट, रात्री १०. मार्च २००४ च्या अखेरीस जुन्या गाण्यांच्या जागी उदारमतवादी चर्चा आली, आणि काही महिन्यांत तळाचं केंद्र शहरातल्या आघाडीच्या केंद्रांच्या पंगतीत जाऊन बसलं. सकाळचा कार्यक्रम शहरातलाच होता. पुलाचं काम, शाळांचं बजेट, ओरेगनचे सार्वमताचे प्रश्न, असे विषय. राष्ट्रीय निवेदक त्यानंतर. म्हणजे दमदार फ्रिक्वेन्सी आणि स्थानिक सकाळ एकत्र आल्या की श्रोता येतो, हे तिथे सिद्ध झालं होतं. तरीही ९ नोव्हेंबर २०१२ ला, ओबामा दुसऱ्यांदा निवडून येऊन तीन दिवस होतात न होतात तोच, केंद्र खेळाच्या चर्चेकडे वळवलं गेलं. दोन महिन्यांत सिअ‍ॅटलचं १०९० गेलं. ते तर ५० किलोवॉटचं होतं, मालक सीबीएस. तिथेही खेळ आले. २०१४ च्या सुरुवातीला लॉस एंजेलिसचं ११५० बदललं, आणि त्यावर कोण आलं, तर लिम्बॉ.

म्हणून नुसता सिग्नल पुरत नाही. खेळाचं नेटवर्क कंपनीला सर्व शहरांत एकाच माणसाकडून एकाच दरात विकता येतं, आणि खेळावरून कोणी जाहिरातदाराच्या कार्यालयाबाहेर निदर्शनं करत नाही. शेकडो केंद्रांच्या ताळेबंदात एका शहरातल्या निष्ठावान श्रोत्याची किंमत नगण्य ठरते. मॅडिसनच्या '९२.१ द माइक' बाबत हे उघड दिसलं. २००६ च्या अखेरीस ते खेळाकडे नेण्याची घोषणा झाली, श्रोते रस्त्यावर उतरले, स्थानिक दुकानदारांनी जाहिराती देऊ केल्या, निर्णय मागे घेतला गेला. लोकांना वाटलं आपण जिंकलो. नोव्हेंबर २०१६ मध्ये तेच केंद्र बंद केलं, आणि त्या वेळी मागे घ्यायला लावण्याइतकी उसंतही मिळाली नाही. श्रोत्यांच्या आंदोलनाने मुदत वाढते, मालकी बदलत नाही.

एअर अमेरिका या उदारमतवादी नेटवर्कची चूक याच्या नेमकी उलट बाजूची होती. ३१ मार्च २००४ ला ते सुरू झालं, विनोदी लेखक अल फ्रँकन यांच्यासारखं नाव घेऊन. मनोरे विकत घेतले नाहीत, मोठ्या शहरांत वेळ भाड्याने घेतली. दोन आठवडे झाले नाहीत तोच शिकागो आणि लॉस एंजेलिसच्या केंद्रांच्या मालकाने धनादेश वटला नाही असं सांगून प्रक्षेपण तोडलं. नेटवर्कने ते नाकारलं, प्रकरण कोर्टात गेलं, पण श्रोत्याला काय ऐकू आलं? परवापर्यंतचा आवाज आज गायब. रेडिओ ही सवयीची गोष्ट आहे. मोटारीतल्या बटणावर बसवलेलं केंद्र एकदा हललं की श्रोता शोधत येत नाही. पुढे ब्राँक्समधल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेकडून ८,७५,००० डॉलर या नेटवर्ककडे वळल्याचं उघड झालं. ते नंतर परत केले गेले, पण ज्यांच्या बाजूने बोलायचं त्यांच्याच ताटातला घास, ही नामुष्की पुसली गेली नाही. ऑक्टोबर २००६ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज झाला, पुढच्या वर्षी सुमारे साडेबेचाळीस लाख डॉलरना विक्री झाली, आणि जानेवारी २०१० मध्ये कायमचं कुलूप लागलं. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्याची तहान तो ओंजळ धरून उभा असेपर्यंतच भागते.

न्यूयॉर्कमध्ये त्यांनी ज्या ११९० डब्ल्यूएलआयबीवर जागा घेतली, ते कृष्णवर्णीय मालकांच्या कंपनीचं केंद्र होतं. आफ्रिकन-अमेरिकन आणि कॅरिबियन श्रोत्यांसाठी तिथे वर्षानुवर्षं चर्चा चालायच्या. त्या जाऊन नवं नेटवर्क आलं. ज्या केंद्राने आधीपासून नेमकं हेच काम केलं होतं, त्याच्या श्रोत्यांना घराबाहेर काढून 'उदारमतवादी रेडिओची सुरुवात' साजरी झाली. मला हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा दोष वाटतो, कारण तो पैशाचा नव्हे, नजरेचा दोष आहे. शिकागोचं डब्ल्यूव्हीओएन १९६३ पासून आहे. फिलाडेल्फियाचं डब्ल्यूयूआरडी आजही कृष्णवर्णीय मालकीचं आहे आणि दिवसभर चर्चाच करतं. शाळा, पोलीस, मतदार नोंदणी, घरभाडं या विषयांवर रोज फोन घेणारी ही केंद्रं म्हणजे उदारमतवादी टॉक रेडिओच. ती टिकली, कारण परवाना आपल्या माणसांच्या नावावर होता आणि चर्च, न्हावी, विमा एजंट, अंत्यसंस्कार करणारी कंपनी असे जाहिरातदार त्याच वस्तीतले होते. वॉशिंग्टनमध्ये धोरण लिहिणाऱ्यांच्या मोजणीत ती आलीच नाहीत.

जाहिरातीकडे येऊ. ऑक्टोबर २००६ मध्ये एबीसी रेडिओचं एक अंतर्गत परिपत्रक बाहेर आलं. आमच्या जाहिराती एअर अमेरिकाच्या कार्यक्रमांत नकोत, असं कळवणाऱ्या नव्वदच्या आसपास जाहिरातदारांची यादी त्यात होती. याला वैचारिक बहिष्कार म्हणणं सोपं आहे, पण २०१२ मध्ये लिम्बॉ यांनी सँड्रा फ्लूक या विद्यार्थिनीबद्दल अर्वाच्य शब्द वापरल्यानंतर प्रीमिअरकडून बाहेर पडलेल्या यादीत ९८ जाहिरातदार होते, आणि त्यांना डावं-उजवं कुठलंच भांडण नको होतं. मोठी कंपनी भांडणापासून पळते. उजव्या कार्यक्रमांनी ती पोकळी सोनं विकणारे, टिकाऊ अन्नाचे डबे विकणारे, गाद्या विकणारे यांच्याकडून भरली. 'या नंबरवर फोन करा, माझं नाव सांगा, सूट मिळेल' अशा जाहिराती, ज्यांत विक्री किती झाली ते लगेच कळतं. उदारमतवादी केंद्रांनी हे जमवलं नाही. ते बराच काळ मोठ्या ब्रँडची वाट पाहत बसले. त्यांच्याकडे असलेला श्रोता गावातल्या सहकारी बँकेला, सायकलच्या दुकानाला, दातांच्या डॉक्टरला, छपाईवाल्याला हवा होता. पण त्यासाठी रोज दारोदार फिरणारे निदान दोन विक्रेते लागतात. सातशे मैलांवरून येणाऱ्या कार्यक्रमात गावच्या दंतवैद्याला रस नसतो, त्याला सकाळच्या निवेदकाने स्वतःच्या तोंडाने आपलं नाव घ्यायला हवं असतं.

आणि आता ते पहिलं ठरलेलं उत्तर, पुस्तकी बोलण्याचं. त्यात जेवढं खरं आहे तेवढं कबूल करायला हवं. रेडिओचा तास हा घड्याळावर बांधलेला असतो. तासाच्या सुरुवातीला पाच-सहा मिनिटं बातम्या, मग चर्चेचे तुकडे, मधे जाहिराती. त्या काळच्या मोजणीत पाव तासात पाच मिनिटं ऐकलं तरच तो श्रोता त्या पाव तासाचा धरला जायचा. म्हणून अनुभवी निवेदक मुद्दा पहिल्याच वाक्यात टाकतो, जाहिरातीआधी पुढची गोष्ट अर्धी सोडतो, आणि पाव तासाची रेघ ओलांडेपर्यंत तोडत नाही. विनोदी लेखक, नेते, प्राध्यापक हे आणून बसवले की पहिली आठ मिनिटं पार्श्वभूमीत जातात. १९९० च्या दशकात न्यूयॉर्कचे माजी गव्हर्नर मारिओ क्वोमो यांच्यासारखा उत्तम वक्ताही रेडिओवर चालला नाही. याउलट नॉर्थ डकोटातल्या फार्गोचे एड शुल्ट्झ मूळचे खेळांचे समालोचक, आणि थॉम हार्टमन, स्टेफनी मिलर हे रेडिओतच मुरलेले. ती माणसं टिकली.

फोन घेण्याचंही तसंच. आत येणारा प्रत्येक फोन आधी एक सहायक घेतो: नाव, गाव, मुद्दा एका ओळीत. ती ओळ निवेदकाच्या पडद्यावर येते. प्रक्षेपण काही सेकंद मागे चालतं, म्हणजे शिवी आली तर बटण दाबून गाळता येते. उदारमतवादी कार्यक्रमांत हमखास घडणारी चूक ही, की रांगेत पाच सहमत असलेले आणि एक विरोधक असला तर विरोधकाला 'वाद नको' म्हणून शेवटी ठेवतात किंवा फोन सहमतांनीच भरतात. मग कार्यक्रम आरतीसारखा होतो, सगळे एका सुरात. पुराणमतवादी प्रदेशात तर विरोधकाला पहिला नंबर द्यायला हवा, नाव घेऊन, अहो-जाहो करून, पूर्ण बोलू देऊन. ऐकणारा शेतकरी त्या विरोधकाच्या जागी स्वतःला बघत असतो. त्याला निवेदक कसा वागवतो, यावर तो उद्या पुन्हा हे केंद्र लावणार की नाही हे ठरतं.

तर उपाय काय? दर काही वर्षांनी कोणीतरी म्हणतं, फेअरनेस डॉक्ट्रिन परत आणा. माझा याला ठाम विरोध आहे, आणि तो उजव्यांच्या सोयीसाठी नाही. केंद्राने काय बोललं ते तपासण्याची चावी सरकारी आयोगाला दिली की आज आपल्या मित्राच्या हातात असलेली चावी उद्या दुसऱ्याच्या हातात जाते. २०२५ च्या सुरुवातीला आयोगाच्या नव्या अध्यक्षांनी एनपीआरच्या प्रायोजकांच्या उल्लेखांची चौकशी काढली, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या केसीबीएस या केंद्राने स्थलांतरितांविरुद्धच्या कारवाईची बातमी दिली म्हणून त्याचीही. हा नियम नसतानाची गोष्ट. नियम असता तर काय झालं असतं? शिवाय त्या नियमाच्या काळात बऱ्याच केंद्रांनी वाद टाळण्याचा सोपा मार्ग घेतला: चर्चाच नको. आणि एनपीआर आहेच की, असं म्हणणाऱ्यांनी जुलै २०२५ आठवावा. अमेरिकेच्या संसदेने, काँग्रेसने, सार्वजनिक प्रसारणाचे दोन वर्षांचे १.१ अब्ज डॉलर काढून घेतले, आणि ते पैसे वाटणाऱ्या महामंडळाने ऑगस्टमध्येच गाशा गुंडाळण्याची घोषणा केली. मोठ्या शहरांतली केंद्रं देणग्यांवर तगतील. लहान गावांतल्या केंद्रांच्या नाकी नऊ येतील.

मागणी करायची तर ती मालकीच्या मर्यादेची करावी. एका शहरात एका मालकाची आठ केंद्रं ही कमी करून तीन-चारवर आणली तर बोलण्याच्या मजकुराला हात न लावता बाजारात नवी माणसं शिरतील. आणि कायदा बदलेपर्यंत थांबायची गरज नाही, कारण एएम केंद्रांच्या किमती उतरल्या आहेत.

विस्कॉन्सिन पाहा. २०१६ मध्ये तिथे अध्यक्षपदाची लढत सुमारे २३ हजार मतांनी सुटली, २०२० मध्ये २१ हजारांच्या आत, २०२४ मध्ये सुमारे २९ हजारांनी. तीस लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त मतदानात. मिलवॉकीची दोन मोठी केंद्रं, डब्ल्यूटीएमजे आणि डब्ल्यूआयएसएन, अनेक वर्षं तिथल्या पुराणमतवादी राजकारणाची शाळा होती. डब्ल्यूटीएमजेवरचे चार्ली साइक्स यांनी २०१६ नंतर, आपण आणि आपल्यासारख्यांनी श्रोत्यांचा इतर बातम्यांवरचा विश्वास उडवला, हे जाहीरपणे मान्य केलं. या राज्यात २०२२ पासून सिव्हिक मीडिया ही कंपनी लहान-मोठी केंद्रं विकत घेते आहे. संस्थापक सेज वाइल सॉफ्टवेअर क्षेत्रातले. वॉसॉचं १२३०, रसीनचं १४०० अशी ही केंद्रं. तीच एक किलोवॉटची, जी कोलंबससारख्या महानगरात दात कोरण्यापुरतीही नव्हती. पण वॉसॉ चाळीस हजार वस्तीचं शहर. तिथे एक किलोवॉट पुरतो, आणि एएमच्या जोडीला २५० वॉटपर्यंतचा एफएम पुनर्प्रक्षेपक लावता येतो, म्हणजे रात्रीची कुजबुजही टळते. एकाच सामग्रीने एक प्रयोग मेला आणि दुसरा उभा राहू शकतो, तो केवळ जागा बदलल्याने.

शिकागोचं ८२० डब्ल्यूसीपीटी हे दुसरं उदाहरण. न्यूजवेब या शिकागोच्याच कंपनीने २००५ मध्ये ते ८५० वर सुरू केलं, नंतर ते ८२० वर आलं. क्लिअर चॅनलची उदारमतवादी केंद्रं एकामागून एक गेली, हे राहिलं. शिकागोच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी घरांना ते मोटारीत सहज मिळतं, आणि त्यावर महापालिकेचं बजेट ऐकायला मिळतं.

यावर एक आक्षेप रास्त आहे. हे म्हणजे एका श्रीमंताऐवजी दुसरा श्रीमंत, नाही का? आहेच. २०२२ मध्ये लॅटिनो मीडिया नेटवर्कने युनिव्हिजनकडून १८ स्पॅनिश केंद्रं ६ कोटी डॉलरना घेतली, पैशाचा मोठा भाग उदारमतवादी अब्जाधीश जॉर्ज सोरोस यांच्याशी संबंधित निधीतून. त्यांत मायामीचं रेडिओ माम्बी होतं, क्युबातून आलेल्या पुराणमतवादी श्रोत्यांचं घरचं केंद्र. काही निवेदक लगेच सोडून गेले, आणि श्रोत्यांना वाटलं की आपला आवाज विकत घेतला. डब्ल्यूएलआयबीच्या श्रोत्यांना वाटलं होतं, तेच. म्हणून मालकी मिळाली म्हणजे काम झालं असं नाही. जिथे आधीचा समाज केंद्राभोवती जमलेला आहे तिथे आवाज बदलण्याआधी त्या समाजातले निवेदक ठेवायला हवेत, नाहीतर मनोरा येतो आणि माणसं जातात. शंभर वॉटचे बिगर-नफा लघुएफएम परवाने हा अधिक लोकशाही मार्ग आहे. पल्ला पाच-साडेपाच किलोमीटर, जाहिराती विकायला मनाई, आणि अर्जाची खिडकी कित्येक वर्षांतून एकदा उघडते.

पॉडकास्ट हे उत्तर नव्हे. पॉडकास्ट शोधणारा माणूस आधीच आपल्या बाजूचा असतो. रेडिओवर बटण फिरवताना माणूस चुकून थांबतो, आणि विरोधी प्रदेशात काम होतं ते या चुकून थांबण्यातून. विजेच्या मोटारींतून एएम काढून टाकायला काही कंपन्यांनी सुरुवात केली, कारण मोटरचा विद्युत-गोंगाट ऐकू येतो. म्हणून एफएम पुनर्प्रक्षेपकाशिवाय आज एएम केंद्र घेऊ नये.

ज्यांना हे करायचं आहे त्यांनी पैसा या क्रमाने लावावा. आधी परवाना आणि मनोऱ्याखालची जमीन, दोन्ही. जमीन भाड्याची असली तर पाच वर्षांनी तिथे गृहसंकुल उभं राहतं. मग तांब्याच्या तारांची मोजणी. मग सकाळी सहा ते नऊ बोलणारा, त्याच गावात मुलं शाळेत घालणारा एक निवेदक, फोन घेणारा एक सहायक, दोन विक्रेते. शाळेच्या फुटबॉल सामन्यांचं समालोचन पहिल्या हंगामापासून, कारण त्या संध्याकाळी गावातला प्रत्येक रिपब्लिकन आजोबा नातवासाठी हे केंद्र लावतो. निधनवार्ता रोज, ठरलेल्या वेळी. बर्फात बंद असलेल्या रस्त्यांची यादी पहाटे साडेपाचला. राष्ट्रीय उदारमतवादी निवेदक दुपारी बाराला, आणि तेही पहिले सहा महिने झाल्यावर.